तंबूंच्या आधी अर्ज होते

मा. संपादक यांस,

स.न.वि.वि.

गाझातील युद्धाच्या निषेधार्थ २०२४च्या एप्रिल आणि मे महिन्यांत अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी आपापल्या विद्यापीठांच्या आवारात तंबू ठोकले. त्या आंदोलनाचा विषय निघाला की आपल्याकडे अजूनही दोनच सूर ऐकू येतात. घरदार गहाण टाकून शिकायला गेलेल्या मुलांनी नसत्या भानगडीत का पडावे, हा पहिला; आणि ही मुले दहशतवाद्यांची पाठराखण करत होती, हा दुसरा. त्यांची मागणी नेमकी काय होती, असे विचारले तर मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. मागणी साधी होती. विद्यापीठाचा पैसा कोठे गुंतवला आहे ते जाहीर करा आणि ज्या कंपन्यांना या युद्धातून व पॅलेस्टाईनच्या व्याप्त प्रदेशातून कमाई होते, त्यांच्यातून तो काढून घ्या. ‘निर्गुंतवणूक’ हा शब्द आपण सरकारी कंपन्यांच्या भागविक्रीच्या बातम्यांत वाचतो. विद्यार्थ्यांनी तो या अर्थाने वापरला. मी बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर एका शिक्षणसंस्थेचा मानद कोषाध्यक्ष म्हणून नऊ वर्षे तिच्या ठेवी सांभाळल्या. त्यामुळे हा प्रश्न मला मुळात हिशेबाचा वाटतो, आणि हिशेब मागणाऱ्यांना मिळालेली वागणूक मला आजही अस्वस्थ करते.

त्या दिवसांत मी योगायोगाने न्यू जर्सीत मुलीकडे होतो. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथील लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. तो पाहायचा, एवढे एक ठरवूनच मी विमानात बसलो होतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एके दुपारी ११६व्या रस्त्याच्या स्थानकातून वर आलो, तर ब्रॉडवेवरच्या प्रवेशद्वाराशी लोखंडी अडसर मांडलेले होते आणि ओळखपत्र असणाऱ्यालाच आत सोडत होते. रखवालदाराने सभ्यपणे नकार दिला. मी तसाच अर्धा-पाऊण तास पदपथावर थांबलो. आतून घोषणा ऐकू येत होत्या. रस्त्याच्या एका कडेला काही लोक इस्रायलचे झेंडे आणि ओलिसांची छायाचित्रे घेऊन उभे होते. माझ्यापासून चार हातांवर एक मुलगा भिंतीला टेकून बसला होता. गळ्यात काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा रुमाल, मांडीवर कसली तरी समीकरणे लिहिलेली वही, आणि बाजूला पाण्याच्या बाटल्यांचे खोके. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. पान संपले की तो खोके उचलून चार पावले पुढे सरकायचा आणि पुन्हा वही उघडायचा, कारण दारापाशी जाणारी रांग फारच हळू चालली होती.

हा मुलगा आणि त्याचे सोबती एका सकाळी उठून हिरवळीवर जाऊन बसले, असे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षातला क्रम वेगळा आहे आणि तोच या पत्राचा विषय आहे. कोलंबियात गुंतवणुकीच्या नैतिक बाजूचा विचार करण्यासाठी विद्यापीठानेच नेमलेली एक सल्लागार समिती आहे. विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी तिच्यावर असतात आणि विश्वस्तांकडे शिफारस करण्याचे काम ती करते. याच समितीच्या वाटेने २०१५ साली विद्यापीठाने खासगी तुरुंग चालवणाऱ्या कंपन्यांतून पैसा काढला आणि २०१७ साली औष्णिक कोळशाच्या कंपन्यांबाबत तसाच निर्णय घेतला. म्हणजे वाट अस्तित्वात होती, आणि विद्यार्थी आधी तिनेच गेले. २०२० साली कोलंबिया कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सार्वमत घेतले, तेव्हा सुमारे ६१ टक्के मते निर्गुंतवणुकीच्या बाजूने पडली; तत्कालीन अध्यक्ष ली बोलिंजर यांनी तो कौल मानण्यास नकार दिला. डिसेंबर २०२३मध्ये विद्यार्थ्यांनी सल्लागार समितीकडे रीतसर प्रस्ताव दिला आणि समितीने तो २०२४च्या सुरुवातीला फेटाळला. एप्रिल २०२४मध्ये पुन्हा सार्वमत झाले आणि या वेळी तीन-चतुर्थांशाहून अधिक मते बाजूने पडली. मध्यंतरी, नोव्हेंबर २०२३मध्ये, या विषयावर सभा घेणाऱ्या दोन विद्यार्थी संघटना विद्यापीठाने निलंबित केल्या होत्या. त्यांपैकी एक संघटना ज्यू विद्यार्थ्यांची होती, ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत सहसा येतच नाही.

तंबू पडले ते १७ एप्रिलच्या पहाटे. त्याच दिवशी विद्यापीठाच्या अध्यक्ष मिनूश शफीक वॉशिंग्टनमध्ये आवारातील ज्यूद्वेषाच्या प्रश्नावर संसदीय समितीपुढे साक्ष देत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्रावरून न्यूयॉर्क पोलीस आवारात शिरले आणि त्यांनी शंभरहून अधिक विद्यार्थ्यांना अटक केली. पोलिसांना बोलावण्यापूर्वी अध्यक्षांनी विद्यापीठाच्या सिनेटच्या कार्यकारी समितीशी विचारविनिमय करावा, असा तेथील नियम आहे. तो विचारविनिमय झाला, समितीने पोलिसांना बोलावण्यास संमती दिली नाही, आणि पोलीस तरीही आले. अटक झालेल्या मुलांनी कसलाही प्रतिकार केला नाही, असे पोलीस दलातील एका वरिष्ठ अधिकाऱ्यानेच नंतर सांगितले. ही सिनेटसुद्धा कोठून आली हे जाणून घेण्यासारखे आहे. १९६८ साली व्हिएतनाम युद्धाशी जोडलेले संशोधन आणि शेजारच्या सार्वजनिक उद्यानात बांधायची व्यायामशाळा यांविरुद्ध विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या, ३० एप्रिलला पहाटे पोलीस घुसले, सुमारे सातशे जणांना अटक झाली आणि विद्यापीठाची पुरती बदनामी झाली. त्यातून धडा घेऊन ती सिनेट स्थापन झाली होती.

त्याच १८ एप्रिलला संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या एका गटाने गाझातील शिक्षणव्यवस्थेविषयी निवेदन काढले. सहा महिन्यांत ५,४७९ विद्यार्थी, २६१ शिक्षक आणि ९५ विद्यापीठीय प्राध्यापक मारले गेले असून ८० टक्क्यांहून अधिक शाळा पडल्या किंवा नादुरुस्त झाल्या आहेत, असे त्यांनी म्हटले. त्या वर्षीच्या जानेवारीत गाझातील इस्रा विद्यापीठाची इमारत इस्रायली लष्कराने स्फोटकांनी उडवून दिली, त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. शाळा-कॉलेजात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे आकडे वाचवत नाहीत. एका विद्यापीठातल्या मुलांना दुसऱ्या विद्यापीठाच्या ढिगाऱ्याबद्दल काही वाटले आणि त्यात आपल्या फीच्या पैशाचा काही वाटा आहे का असे त्यांनी विचारले, तर मला ते विद्यार्थ्याला अगदी शोभणारे वाटते.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी या संदर्भात मला बाबासाहेबांचेच भाषण ऐकवले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे मार्ग आता सोडले पाहिजेत असे सांगितले आणि त्यांना अराजकाचे व्याकरण म्हटले. भाषण खरे आहे आणि त्याचा अधिकार मोठा आहे. पण त्याच परिच्छेदात बाबासाहेबांनी अट घातली आहे. घटनात्मक मार्ग उरलेच नव्हते तेव्हा या साधनांचे बरेच समर्थन करता येत होते, पण घटनात्मक मार्ग खुले असताना ते करता येत नाही, असे ते म्हणाले. तेव्हा कोलंबियाच्या बाबतीत विचारायचे ते हे, की मार्ग खरोखर खुला होता का. दोन सार्वमते झाली, एक प्रस्ताव झाला आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आले. बरे, ‘व्यापक सहमती’ असल्याशिवाय निर्गुंतवणूक करणार नाही, असा विद्यापीठाचा निकष आहे, आणि त्या विषयावर सभा घेणाऱ्या संघटनांनाच निलंबित केले गेले. बँकेत असताना मी अशी एक खिडकी पाहिली होती, जिच्यावर ‘तक्रारी येथे द्याव्यात’ अशी पाटी होती आणि जिच्यामागे कोणी बसत नसे. तिला मी खुला मार्ग म्हणणार नाही.

मुलांची मागणी अव्यवहार्य होती, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत, आणि यात काही तथ्य आहे ते मी माझ्या कामामुळे जाणतो. आपल्याकडे सार्वजनिक न्यासाच्या पैशाचे फारसे कोडे नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ३५व्या कलमाने तो पैसा बँका, टपाल बचत आणि सरकारी रोखे यांच्यात ठेवावा लागतो. आमच्या संस्थेच्या सगळ्या ठेवपावत्या एका पत्र्याच्या पेटीत मावत असत, आणि वार्षिक सभेत कोणी शिक्षकाने विचारले तर मी पेटी उघडून दाखवत असे. कोलंबियाचा कायमनिधी, म्हणजे मुद्दल न मोडता गुंतवून ठेवलेली देणग्यांची पुंजी, २०२३ साली सुमारे १,३६० कोटी डॉलर होता. तो सगळा पैसा विद्यापीठ स्वतः बाजारात जाऊन गुंतवत नाही. त्याचा बराच भाग बाहेरच्या व्यवस्थापकांकडे, खासगी फंडांकडे असतो आणि ते व्यवस्थापक आपापल्या पद्धतीने हजारो ठिकाणी तो पेरतात. विद्यापीठाच्या थेट नावावर असलेल्या समभागांची यादी तुलनेने छोटी निघते. बाकीचे काय, हे विद्यापीठालाही चटकन सांगता येत नाही आणि अनेकदा करारामुळे सांगता येणार नाही असे उत्तर मिळते. विद्यार्थ्यांच्या यादीत शस्त्रे बनवणाऱ्या कंपन्या होत्या, तशा इस्रायली सरकारला ‘निंबस’ प्रकल्पाखाली संगणकीय सेवा पुरवणाऱ्या ॲमेझॉन आणि गूगलची पालक कंपनी अल्फाबेट याही होत्या. या दोन कंपन्या नाहीत असा फंड आज शोधूनही सापडायचा नाही. एवढे सगळे मान्य करूनही, ‘आमचा पैसा कुठे आहे हे आम्हालाच नीट ठाऊक नाही’ हे उत्तर ऐकून कोणत्याही कोषाध्यक्षाने मान खाली घालावी, असे माझे मत आहे.

पैसा येतो कोठून आणि जातो कोठे, हे प्रश्न आपल्याला अगदीच परके नाहीत. आमच्या संस्थेला एका गुटखा व्यापाऱ्याने प्रयोगशाळेसाठी घसघशीत देणगी देऊ केली होती. विज्ञान शाखेच्या तीन शिक्षिकांनी लेखी हरकत घेतली. व्यवस्थापनात दोन महिने खल झाला, एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘पैशाला वास नसतो’ असेही सुनावले, आणि शेवटी देणगी नाकारली गेली. प्रयोगशाळा चार वर्षे उशिरा झाली. त्या चार वर्षांत मला अनेकांनी बोल लावले, पण त्या तीन शिक्षिकांना पोलिसांच्या हवाली करावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

निर्गुंतवणुकीने काय साधते, याचे उत्तर कोलंबियाच्याच इतिहासात आहे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांतून पैसा काढावा म्हणून १९८५च्या एप्रिलमध्ये तेथील विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉलच्या दारात तीन आठवडे ठाण मांडले होते. पुढे ऑक्टोबरमध्ये विश्वस्तांनी सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरचे समभाग विकण्याचा निर्णय केला. पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाने तसाच, पण कितीतरी मोठ्या रकमेचा निर्णय घेतला, आणि त्याच वर्षी अमेरिकी संसदेने अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लादले. एका विद्यापीठाने विकलेले समभाग दुसरा कोणी तरी विकत घेतो, कंपनीला त्याची झळ क्वचितच बसते, हे बाजार जाणणारा प्रत्येकजण सांगेल आणि ते बरोबर आहे. पण प्रतिष्ठित संस्था एखाद्या व्यवहारातून हात काढून घेते, तेव्हा तो व्यवहार बाकीच्यांनाही मान वर करून करता येत नाही. भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला तो १९४६ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. तेव्हा त्याने तेथील सरकार कोसळणार नाही हे तोडणाऱ्यांनाही ठाऊक होते.

विद्यार्थ्यांचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने सुमारे १,२०० माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास लोकांना ओलीस नेले, त्याचा धिक्कार काही घोषणांत ऐकू येत नव्हता, आणि काही घोषणा तर ज्यू विद्यार्थ्यांना सरळसरळ भिववणाऱ्या होत्या. आवाराच्या आत-बाहेर ज्यू मुलांना उद्देशून जे बोलले गेले त्यातले काही निव्वळ ज्यूद्वेषाचे होते, आणि तो बाहेरच्यांनी केला असे म्हणून आयोजकांची सुटका होत नाही. त्याच वेळी, २२ एप्रिलच्या संध्याकाळी ज्यूंच्या वल्हांडण सणाचे भोजन त्या तंबूंमध्येच झाले आणि ते मांडणारे विद्यार्थी ज्यू होते, हेही सांगितले पाहिजे.

माझ्या मते विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक २९ आणि ३० एप्रिलची. २९ तारखेला शफीक यांनी जाहीर केले की विद्यापीठ इस्रायलमधून गुंतवणूक काढणार नाही. मात्र नव्या प्रस्तावांचा सल्लागार समितीकडून लवकर विचार होईल आणि थेट गुंतवणुकीची यादी विद्यार्थ्यांना पाहता येईल अशी व्यवस्था केली जाईल. मागणीच्या मानाने हे देणे तोकडे होते. तरीही मी त्या मुलांच्या जागी असतो तर ती यादी आधी हातात घेतली असती. हिशेबाच्या भांडणात पहिले पान मिळाले की दुसरे मागता येते. त्याऐवजी ३० तारखेच्या पहाटे काही जणांनी खिडक्या फोडून हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला, आणि ज्यांना केव्हापासून कारवाईचे निमित्त हवे होते त्यांना ते मिळाले. त्या रात्री पोलीस मोठ्या वाहनावर बसवलेल्या शिडीवजा पुलावरून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत गेले आणि पुन्हा शंभराहून अधिक अटका झाल्या. इमारतीत एका पोलिसाच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटली. ती कोणाला लागली नाही हे नशीब. १९६८ची ती पहाट आणि ही रात्र यांची तारीख एकच आहे. त्या हंगामात अमेरिकेतील विद्यापीठांतून तीन हजारांहून अधिक जणांना अटक झाली.

याहून वेगळे वागता आले असते का, तर तेही त्याच आठवड्यांत इतरत्र दिसले. ब्राऊन विद्यापीठाने ३० एप्रिललाच विद्यार्थ्यांशी लेखी समझोता केला. तंबू उठले, विद्यार्थ्यांना विश्वस्तांपुढे बाजू मांडू दिली गेली आणि ऑक्टोबरमध्ये प्रस्तावावर रीतसर मतदान झाले. प्रस्ताव पडला. सल्लागार समितीचे बहुमतही विरोधात गेले. विद्यापीठाची या कंपन्यांत थेट गुंतवणूक नाही आणि अप्रत्यक्ष गुंतवणूक अगदी किरकोळ आहे, असे कारण दिले गेले. विद्यार्थी निराश झाले, पण त्यांना उत्तर मिळाले, कारणांसह मिळाले. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ३ मेच्या रात्री तंबू पडले आणि तेथील ‘बुक ऑफ केल्स’ हे प्राचीन हस्तलिखित पाहायला येणाऱ्या पर्यटकांची वाट अडली. त्याआधीच्या आंदोलनांमुळे कॉलेजने विद्यार्थी संघाला दोन लाख युरोहून अधिक दंड ठोठावला होता, म्हणजे वातावरण काही प्रेमाचे नव्हते. तरीही पाच दिवसांत बोलणी होऊन, व्याप्त प्रदेशातील कामांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या यादीत नाव असलेल्या इस्रायली कंपन्यांतून पैसा काढण्याचे कॉलेजने मान्य केले आणि तंबू गेले.

कोलंबियाला पोलीस बोलावून काय मिळाले? शफीक या स्वतः अर्थतज्ज्ञ आणि बँक ऑफ इंग्लंडच्या माजी उपगव्हर्नर. त्यांनी ऑगस्ट २०२४मध्ये राजीनामा दिला. ज्या राजकारण्यांना खूश करण्यासाठी कडक धोरण घेतले, ते तेवढ्याने खूश झालेच नाहीत. मार्च २०२५मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने विद्यापीठाची ४० कोटी डॉलरची अनुदाने व कंत्राटे रद्द केली आणि जुलैमध्ये विद्यापीठाने तीन वर्षांत २० कोटी डॉलर भरण्याचे कबूल करून तडजोड केली. १९८५ साली विकलेल्या समभागांच्या कितीतरी पट ही रक्कम आहे. परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, त्यांत भारतीयही होते. जून २०२५पासून तर विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्याने आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवावीत, असा नियम झाला.

माझ्या शेजारचा मुलगा तेव्हा व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करत होता. कॉलेजात असताना गाझातील मुलांसाठी मेणबत्त्या लावल्या होत्या, त्याचा एक फोटो त्याच्या खात्यावर होता. “काका, काढून टाकू का?” असे त्याने मला विचारले, आणि मी काही बोलायच्या आत त्याच्या आईने त्याच्या हातातला फोन घेतला. मला तिला दोष देववत नाही. त्याच्या शिक्षणकर्जाला जामीन तिचा नवरा आहे.

संपादक महोदय, माझी आपल्याकडे एक विनंती आहे. परदेशी शिक्षणावरच्या पुरवण्यांत विद्यापीठांचा क्रमांक, फी, शिष्यवृत्ती, वसतिगृहाचा खर्च हे सगळे आपण तपशिलाने छापता. त्याच रकान्यात यापुढे आणखी दोन ओळी छापाव्यात: त्या विद्यापीठाचा कायमनिधी किती आहे, आणि तो कोठे गुंतवला आहे हे विचारण्याची सोय विद्यार्थ्याला तेथे आहे की नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी, नाशिक